पंचवीस नावं आणि पंधरा किलो बटाटे

आमच्या होर्नी कामेनमध्ये एप्रिल महिन्यात भांडण उकरून काढायला फार डोकं लागत नाही. "यंदा संघात कोण कोण?" एवढंच विचारायचं. पाच मिनिटांत शेजारी उसनी दिलेली शिडी परत मागतो आणि चाळीस वर्षांच्या मैत्रिणी एकमेकींच्या केकला नावं ठेवायला लागतात. मे महिन्यात बर्फावरच्या हॉकीची जागतिक स्पर्धा असते, आणि त्याआधी आमच्या देशाचे प्रशिक्षक रेडिओवर पंचवीस नावं वाचतात. तीन गोलरक्षक, आठ बचावाचे, चौदा चढाईचे. देशात माणसं एक कोटी आणि प्रशिक्षकही एक कोटी. त्यातल्या एकालाच पगार मिळतो, आणि नेमकं त्यालाच काही कळत नाही असं बाकीच्यांचं ठाम मत आहे.

टीव्हीवर टाय लावून बसणाऱ्या पंडितांचं तर विचारूच नका. पंचवीसांत सहा-सात नावं चुकतात, आणि दुसऱ्या दिवशी तोच टाय लावून पुन्हा हजर! लाज म्हणून नाही. आमच्या गावात हे काम द्राहा मावशी करायची, आणि ती चुकत नसे.

द्राहोमीरा वर्झालोव्हा हे तिचं पूर्ण नाव, पण ते फक्त टपालवाल्याला ठाऊक. वय एकसष्ट, उंची बेताची, हात लोहाराचे आणि जीभ सासूची. गावच्या बर्फाच्या मैदानात प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली एक खोली आहे, तिथे चौतीस वर्षं ती स्केटच्या पात्यांना धार लावत आली. तिचा नवरा लुद्विक बर्फ सपाट करायचं यंत्र चालवायचा. तो म्हणायचा, "मी बर्फ गुळगुळीत करतो आणि ही पोरांना तो खरवडायची हत्यारं देते, असा आमचा संसार." लुद्विक जाऊन नऊ वर्षं झाली. यंत्र आता दुसरा कुणी चालवतो, आणि कोपरे नीट घेत नाही असं मावशीचं म्हणणं आहे.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. मावशीला ते पात्यात दिसायचे. कुठली कड झिजली, कुठली नाही, टाचेकडे खरचटलंय की चवड्याकडे, एवढं बघून ती सांगायची, "हा डावीकडे वळायला घाबरतो," किंवा "याचं घरी भांडण झालंय, पाय आपटत चालतोय." मोठ्या क्लबचे खेळाडू चाळीस-चाळीस किलोमीटरवरून तिच्याकडे यायचे, काहीजण बसच्या ड्रायव्हरबरोबर स्केट पाठवायचे. आणि जे येत नसत त्यांना ती टीव्हीवर बघायची. या खेळात चेंडूच्या जागी चकती असते; सगळा देश त्या चकतीच्या मागे डोळे फिरवतो, मावशी पाय बघायची. कोण दमलाय, कोण फुललाय, कोण मेपर्यंत टिकेल, हे तिला असंच कळायचं.

तर आमच्याकडची रीत अशी. बेद्रिखच्या पबमध्ये व्हिनेगरमधल्या सॉसेजची एक मोठी काचेची बरणी आहे. एप्रिलअखेर ती रिकामी करून धुतात, आणि ज्याला हौस असेल त्याने आपली पंचवीस नावं कागदावर लिहून तीत टाकायची. बरणी कितीही घासा, वास काही जात नाही, त्यामुळे आमच्या संघाला दर वर्षी व्हिनेगरचा वास येतो. रविवारी दुपारी जेवणं झाली की सगळे कागद मोठ्याने वाचतात आणि भिंतीवर खिळ्यांनी ठोकतात. मंगळवारी दुपारी बाराला रेडिओवर खरी नावं येतात. जी चुकली ती ज्याची त्याने लाल पेन्सिलीने आपल्या हाताने खोडायची. ज्याची सगळ्यांत जास्त चुकली, त्याने अख्ख्या पबसाठी पंधरा किलो बटाटे किसायचे, कारण त्या संध्याकाळी लसूण आणि मरव्याचा पाला घालून बटाट्याची धिरडी होतात.

मावशी एकोणीस वर्षं सलग जिंकत आली. सातव्या वर्षी बाकीच्यांनी कट करून नवा नियम काढला: द्राहा मावशीचं एक जरी नाव चुकलं, तरी बटाटे तिनेच किसायचे. नियम काढला तो शेबेस्ता मास्तरांनी. हे भूगोलाचे निवृत्त शिक्षक. घरी अठरा वह्या भरून आकडे, कुणी किती मिनिटं खेळलं, किती वेळा पडलं. इतकं करून मास्तरांची चार तरी नावं चुकतातच. नियमाला बारा वर्षं झाली, पण किसणीला मावशीचा हात लागला नव्हता.

आणि गेली अकरा वर्षं तिने विलेम कोतर्बाचं नाव लिहिलं नव्हतं.

विलेम आमच्याच गावचा. बचावाचा खेळाडू, वय तेहतीस. सहा वर्षांचा असताना चुलतभावाचे दोन नंबर मोठे स्केट घालून मावशीच्या दारात उभा राहिला होता, तेव्हापासून त्याच्या पात्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. पुढे मोठ्या क्लबात गेला, नाव झालं, पण देशाच्या संघाचं काही जमेना. दर वसंतात त्याला सराव शिबिराला बोलवायचे आणि अगदी शेवटच्या दिवशी परत पाठवायचे. बॅग खांद्यावर टाकून तो बसमधून उतरला की गावाला कळायचं. पबमधली सगळी मंडळी दर वर्षी प्रेमापोटी त्याचं नाव लिहायची. एकटी मावशी लिहायची नाही, आणि दर वर्षी तिचंच खरं व्हायचं.

"मावशी, एकदा तरी लिही की गं माझं नाव," तो हसत म्हणायचा.

"तू नीट मागे वळायला शीक, लिहिते. माझ्या पेन्सिलीला का दोष देतोस?"

यंदा मात्र तो मागे वळायला शिकला होता. तेहतिसाव्या वर्षी माणूस काही शिकत नाही असं म्हणतात, पण हा शिकला. वर दोन चांगले बचावपटू जायबंदी झाले, आणि प्रशिक्षकांनी वर्तमानपत्रात म्हटलं, "कोतर्बा मला आवडतो." गाव नुसतं उकळत होतं. मावशीनेही मार्चमध्येच मनाशी ठरवलं होतं: यंदा लिहायचं.

मग एप्रिलच्या एका सोमवारी विलेम शिबिरातून स्केट घेऊन आला. मावशीने उजवा उचलला, दिव्याकडे धरला, बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. पात्याची आतली कड नवीकोरी होती. ज्या कडेवर जोर देऊन खेळाडू पुढे झेपावतो, ती कड आठवडाभर खेळून अशी राहत नाही.

"बूट काढ," ती म्हणाली.

"कशाला? स्केट तर तुझ्या हातात आहेत."

"पायातला काढ. आणि मोजाही. मला शहाणपणा शिकवू नकोस."

घोटा सुजून निळा झाला होता. वर पट्टी अशी आवळलेली की खाली मांसाला वळ पडलेले.

"शेवटच्या सामन्यात झालं," विलेम खाली बघत म्हणाला. "शिबिरात गोळ्या घेऊन खेळतोय. कुणाला कळलं नाहीये."

"डॉक्टरला?"

"डॉक्टरला सांगितलं की संपलं ना! मावशी, पुढच्या वर्षी मी चौतीस. मला कोण विचारणार? एकदा, फक्त एकदा तो देशाचा, सिंहाचा शर्ट अंगावर येऊ दे. तू कुणाला बोलू नकोस."

"मी काय रेडिओ आहे?" मावशी खेकसली. तोंड ती बंद ठेवू शकत होती. यादीचं काय करणार?

चार वर्षांपूर्वीची गोष्ट होती ती. रादिम तूमा नावाच्या चढाईच्या खेळाडूचं नाव सगळ्या देशाने धरलं होतं आणि मावशीने गाळलं होतं. त्याची पाती सांगत होती की तो उजव्या खांद्याला धक्का लागू नये म्हणून सारखा अंग चोरतोय. तिची यादी दर वर्षी सोमवारी जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात मजेमजेत छापून येते. ती प्रशिक्षकांच्या मदतनिसाने वाचली. ही बाई कशी काय चुकेल, असं म्हणून त्याने तूमाची तपासणी करायला लावली. खांदा निघाला फाटलेला. मावशीने एक अक्षर बोलायच्या आधीच तूमा संघाबाहेर! त्यानंतर त्याने तिच्याकडे कधी स्केट पाठवले नाहीत. ती बरोबर होती, पण ते बरोबर असणं तिला आजवर पचलं नव्हतं.

म्हणजे धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. विलेमचं नाव गाळलं, तर मंगळवारच्या आत त्याचा घोटा कुणीतरी तपासणार. लिहिलं, तर एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ती स्वतःला ठाऊक असलेली गोष्ट खोटी लिहिणार. आणि वर देश त्या घोट्यावर उभा राहणार.

शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात बसून तिने चोवीस नावं लिहिली. पंचविसाव्याला पेन्सिल अडली. उठून तिने भांडी घासली. मग घासलेली भांडी पुन्हा घासली. "लुद्विक, तू असतास तर तुझं नाव लिहिलं असतं," ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली, आणि एकटीच हसली. मग बसली आणि भराभर लिहून टाकलं: विलेम कोतर्बा. तिला त्या पोराचे दोन नंबर मोठे स्केट आठवले, त्यात तिने वर्तमानपत्राचे बोळे कोंबून दिले होते. तिचा जीव होता त्याच्यावर, दुसरं कारण नाही. कागद दुमडून, पबमध्ये नेऊन तिने बरणीत टाकला आणि झाकण जरा जोरातच लावलं.

रविवारी पबमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. विलेमला दोन दिवसांची सुटी होती, तोही दाराजवळ उभा होता, भिंतीला टेकून. डाव्या पायावर भार देऊन उभा आहे हे फक्त मावशीला दिसत होतं. मास्तरांनी चष्मा पुसला आणि वाचायला सुरुवात केली. हाव्रान खाटकाच्या यादीत सव्वीस नावं निघाली, त्यावर दहा मिनिटं वाद झाला. हाव्रान म्हणाला, सव्वीसच्या सव्वीस चांगले आहेत, मी कुणाचं मन मोडू! मास्तरांनी स्वतःच्या यादीतून विलेमला गाळलं होतं.

"आकडे बोलतात, मी नाही," ते म्हणाले. लोकांनी त्यांच्यावर बियरखालच्या पुठ्ठ्याच्या चकत्या फेकल्या.

मावशीचा कागद नेहमीसारखा शेवटी. गोलरक्षक झाले. बचावाची सात नावं झाली. मास्तर थांबले, कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"द्राहाबाई, हे अक्षर तुमचंच ना?"

"मग काय तुमच्या सासूचं? वाचा."

"विलेम कोतर्बा," मास्तर म्हणाले.

अहो, छप्पर उडायचंच बाकी राहिलं! बेद्रिखने सगळ्यांना एकेक ग्लास फुकट भरला, हे आमच्या हयातीत पहिल्यांदा. अग्निशमन दलाचा बँड कुठून आला कळलं नाही. खरी नावं मंगळवारी यायची होती, पण खऱ्या नावांची वाट कोण बघतोय! मावशीने लिहिलं म्हणजे झालंच की. हाव्रानने तिथल्या तिथे एक डुक्कर कापायचं कबूल केलं, शाळेच्या चादरीवर "आमचा विलेम" असं रंगवून कुणीतरी ती चर्चसमोर बांधलीसुद्धा. शिजण्याचा नुसता वास आला तरी आम्ही ताट मांडतो, अशी आमची जात.

विलेमला खांद्यावर घेतलं तेव्हा त्याचा पाय कुणाच्या तरी कोपराला लागला. तो ओरडला, सगळ्यांना वाटलं आनंदाने ओरडला. खाली उतरवल्यावर त्याने गर्दीतून मावशीकडे बघितलं. हसला नाही. मग दाराबाहेर गेला तो आलाच नाही.

सोमवारी सकाळी मावशी खोली उघडते तर हा पायरीवर बसलेला.

"का लिहिलंस?" त्याने विचारलं.

"अकरा वर्षं मागत होतास. आता दिलं तर का म्हणून विचारतोस?"

"तुला घोटा माहीत आहे."

"आहे."

"म्हणजे खोटं लिहिलंस."

"हो, लिहिलं!" मावशीचा आवाज चढला. "तुझ्यासाठी लिहिलं, मेल्या. दगडावर लिहिलंय का? आता जा आणि खेळ."

विलेम उठून आत धारेच्या चाकाशी गेला. मग म्हणाला, "आई, बायको, सगळे लिहायचे माझं नाव. मला ठाऊक होतं, ते प्रेमाने लिहितात. तू लिहायची नाहीस, मला राग यायचा. रात्रंदिवस राग यायचा. पण मावशी, मागे वळायला मी तुझ्या त्या रागानेच शिकलो. वाटायचं, जेव्हा ही लिहील तेव्हा ते खरं असेल. काल मास्तरांनी नाव वाचलं आणि मला काहीच वाटलं नाही."

मावशीने त्याचे स्केट मागितले, दोन्हींना धार लावली, आणि उजवा परत देताना म्हणाली, "दुसऱ्या सामन्यात हा पाय जाईल. बर्फावरचे बाकीचे चौघे तुझी जागा भरायला धावतील. खरं ऐकायचंय ना, हे घे."

"हेच ऐकायचं होतं," तो म्हणाला आणि लंगडत निघून गेला. आता तो लपवून लंगडत नव्हता.

मंगळवारी बाराला बेद्रिखने रेडिओचा आवाज एवढा मोठा केला की खिडक्या थरथरायला लागल्या. बँड तयार, चादर तयार, हाव्रानचं डुक्करही तयार. प्रशिक्षक एकसुरी आवाजात वाचत होते. गोलरक्षक. मग बचाव, वर्णानुक्रमाने. काश्पार. आणि लगेच लांगर.

मध्ये कोतर्बा नव्हता.

तुतारीवाल्याने फुंकायला घेतलेला श्वास तसाच आत राहिला. "काहीतरी गाळलं त्याने," हाव्रान म्हणाला, "थांबा, परत वाचेल." पण परत वाचलं नाही. उलट बातमीदाराने विचारलं, कोतर्बाचं काय झालं? प्रशिक्षक जरा घुटमळले. म्हणाले, "कोतर्बा माझ्या यादीत होता. त्यानेच काल दुपारी फोन केला, घोटा धड नाही म्हणून सांगितलं. मी त्याला विचारलं, कुणाला माहीत होतं? तो म्हणाला, कुणालाच नाही. असा फोन मला आजवर कुणी केलेला नाही."

पबमध्ये कुणी ग्लाससुद्धा खाली ठेवेना. मावशी भिंतीकडे तोंड करून उभी होती. अकरा वर्षांत एकदाच उघडलेलं दार त्या पोराने स्वतःच्या हाताने लावून घेतलं होतं, आणि तिला एकाच वेळी मोठ्याने रडावंसं आणि सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटत होतं, की बघा, हा माझ्याकडे धार लावून घेतो.

मास्तरांनी घसा साफ केला. एकोणीस वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो आला होता आणि त्यांना तो नीट साजराही करता येईना. "चोवीस बरोबर," ते हळूच म्हणाले. "एक चूक. द्राहाबाई, नियम... म्हणजे, नियम राहू द्या हवं तर यंदा."

"का म्हणून राहू द्या?" मावशी फिस्कारली. "नियम तुम्हीच काढलात ना? आणा किसणी."

पंधरा किलो बटाटे म्हणजे किती असतात ते किसल्याशिवाय कळत नाही. मावशीने तीन किलो किसले, दोनदा बोट सोलून घेतलं, आणि किसणीला अजिबात धार नाही म्हणून बेद्रिखचा सात पिढ्यांसकट उद्धार केला. तेवढ्यात दार उघडलं. विलेम आला, काखेत कुबडी, घोट्याला डॉक्टरने नीट बांधलेलं पांढरं प्लास्टर. कुणाला कळेना शाबासकी द्यावी की शिव्या. हाव्रान तर दोन्हीसाठी तोंड उघडून उभा राहिला आणि शेवटी नुसती खुर्ची पुढे सरकवली.

विलेम बसला नाही. सरळ भिंतीशी गेला, जिथे मावशीची यादी ठोकलेली होती. लाल पेन्सिल दोऱ्याने खिळ्याला बांधलेली असते. मावशी हात पुसत उठली.

"थांब. माझा कागद आहे. रीतीने मीच खोडायचं असतं."

"तू लिहिलंस, बास झालं," तो म्हणाला. "नाव मी काढलंय, काट मीच मारतो."

आणि त्याने मारली. एकच रेघ, सरळ, पट्टीने ओढल्यासारखी. मग मावशीच्या समोर येऊन बसला, प्लास्टरचा पाय दुसऱ्या खुर्चीवर टाकला, एक बटाटा उचलला आणि किसायला लागला. मास्तर मुकाट्याने लसूण सोलायला बसले.

"मावशी," विलेम बटाट्याकडे बघतच म्हणाला, "पुढच्या वर्षी लिहिशील?"

त्या वेळी कुणीही हो म्हटलं असतं. पबमधला प्रत्येकजण हो म्हणायला तोंड उघडून बसला होता.

"आधी पाती बघीन," मावशी म्हणाली.

रविवारपासून पहिल्यांदा विलेम खळखळून हसला, आणि पुढचा बटाटा घेतला.